दुपट्ट्याखाली

पंचायत समितीच्या हॉलात एकशे दहा खुर्च्या,
चालू पंखे तीन.
पुण्याहून आलेले पारनेरकर सर
फळ्यावर एनएलपी लिहितात
आणि म्हणतात, तायांनो, मेंदू शब्दांवर चालतो.
शब्द बदला, माणूस बदलेल.

आजपासून अडचण म्हणायचं नाही,
आव्हान म्हणायचं.
कुपोषित म्हणायचं नाही,
वाढीची संधी असलेलं बालक.
मागच्या रांगेतून मंदाताई वानखडे विचारतात,
"सर, आन् मानधन थकलं, त्याले काय म्हनाचं?"
हॉल हसतो. सरही हसतात.
चांगला माणूस आहे. घाम पुसतो,
पुढची स्लाइड लावतो.

मग अँकर.
डोळे मिटा. आयुष्यातला खंबीर क्षण आठवा.
आता उजव्या मुठीत
डाव्या हाताची मधली तीन बोटं घट्ट धरा.
पुन्हा धराल तेव्हा तो क्षण परत येईल,
कुठेही, कधीही.

मी धरली.
आणि ढोरबाजार आला,
मुताच्या वासासकट.

बाबा दलाल. खांद्यावरचा दुपट्टा
घेणाऱ्याच्या मनगटावर टाकायचे,
आत हातात हात.
वर तोंडाने तुरीचं, पाहुण्यांचं बोलणं,
खाली भाव.
तीन बोटं धरली म्हणजे तीन.
पण तीन काय? तीनशे का तीन हजार?
मी नऊ वर्षांची, बंडीच्या जुवावर बसलेली.
बाबा म्हणाले, "बोटात काईच नसते बाई.
शून्यं समोर उभी असतात, रवंथ करत.
आंधी जनावर पाह्य, मंग बोट वाच."

पोरीच्या जातीला त्या दुपट्ट्याखाली जागा नव्हती.
मला रात्री गोधडीखाली शिकवलं त्यांनी.

एकदा परमुलखातला व्यापारी आला.
त्याच्याकडे अंगठा म्हणजे अर्धा,
आमच्याकडे अंगठा म्हणजे नाही.
तासभर उभे होते दोघं हात धरून.
शेवटी बाबांनी दुपट्टा ओढून काढला
आणि उघड्यावर, भाव न ठरता,
दोघं हसत सुटले.

डोळे उघडा, सर म्हणाले. इंगोलेताई, काय वाटलं?
"तीन हजार, सर."
कुणाला कळलं नाही.
टाळ्या मात्र झाल्या.

सोमवारी शेवंता राठोडच्या पोरीच्या दंडाला
पट्टी लावली.
लाल.
माझ्या रजिस्टरात सॅम.
तांड्यावर म्हणतात, दिठ लागली.
सासू म्हणते, "बापच हाडकुळा तं पोट्टी कशी राहीन?"
आणि सरांची संधी.
एवढी नावं ठेवूनही
दंड साडेदहाच सेंटिमीटर.

कुणी ठरवलं, साडेअकराच्या खाली लाल?
माणसांनीच, कुठेतरी, एका टेबलाभोवती बसून.
आणि दिठ? तीही माणसांनीच,
चुलीभोवती.
पट्टी गुंडाळता गुंडाळता एवढंच डोक्यात आलं,
पोरगी तेवढ्यात पट्टीचं टोक चघळायला लागली.

मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं,
"शेवंता, पोरीला वाढीची खूप संधी आहे."
शेवंताने पदर सारखा केला.
शब्द नवा होता तिला,
पण ती शब्दाकडे बघतच नव्हती,
माझ्या तोंडाकडे बघत होती.
"म्हंजे लय वाईट हाय का ताई?"

हो, म्हटलं.

मग दोघी उंबऱ्यात बसलो.
जिल्ह्याला कधी न्यायचं,
सकाळच्या एसटीनं का दिराच्या गाडीवर,
चौदा दिवस तिथे राहायचं तर
शेळ्या कोण बघेल.
म्हातारीला काय सांगायचं, ह्यावर अडलं.
माझ्याकडे शब्द होते, दोन दिवसांचं प्रमाणपत्रही.
शेवंता थोडा वेळ पोरीचे तळपाय चोळत राहिली.
मग म्हणाली,
"दिठ उतरवाले नेतो, म्हनू."