गुरूची मोजणी

पोस्टकार्डाएवढा कागद. त्यावर दुपारीच आखून ठेवलेला
जरासा चपटा गोल.
गुरू पोटात सुटलेला आहे, फार वेगानं फिरतो म्हणून.
मी आयुष्यभर पायी फिरलो, तरी माझंही सुटलंच.

दहिवडीत दहानंतर वारा पडतो.
गच्चीच्या फरशीतली ऊब निघून गेली
की दुर्बिणीतलं बिंब थरथरायचं थांबतं,
उकळी बसल्यासारखं, क्षणभर.
तेवढ्यात पाहायचं.

शेजारी खुर्चीवर गुलाब आतार.
तेहतीस वर्षं त्यानं साखळीचं दुसरं टोक धरलं,
आता घड्याळ धरतो.
"सायब, बारा मिन्टं."
विसाच्या आत रेघा संपवाव्या लागतात,
नाहीतर मधली गाठ जागेवर राहत नाही.

आरशात दक्षिण वर येते.
हाफिसात असा नकाशा काढला असता तर घरी बसवलं असतं.
खाली उत्तरेचा पट्टा, तपकिरी, कडेला दातेरी,
त्यातून लोंबणारी एक निळसर शेपटी.
वर दक्षिणेचा.

दक्षिणेचा नाही.
गेल्या दिवाळीत होता, रुंद, दुपदरी.
यंदा गुरू सूर्याआडून बाहेर आला तो पट्ट्यावाचून.
तांबडा डाग तेवढा उरलाय,
मेंढरं उठून गेल्यावर
रानात राहिलेल्या चुलीसारखा.

"कुणी खाल्ला?" गुलाब विचारतो.
कुणीच नाही. अर्ज नाही, नोटीस नाही, पंच नाहीत,
रात्रीतून सरकवलेला दगड नाही.
पांढरा ढग वर आला, इतकंच.
अख्खी पृथ्वी मावेल एवढी रुंदी
आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव नाही.

मी बोटानं शिसं पसरतो,
खोडरबराच्या टोकानं त्यातून उजेड काढतो.
सरकारी नकाशावर खोडता येत नसे.
लाल शाईनं छेद द्यायचा, खाली सही.
एक रेघ तशीच राहिली, छेदावाचून,
गट एकशे बारा, दोघा भावांच्या मधली.
उन्हानं साखळी लांबली होती, की जेवण त्यांच्यातल्या थोरल्याकडे झालं होतं,
अडीच हात उत्तरेला गेली.
गुलाबला ठाऊक आहे. टोक त्याच्याच हातात होतं.
आम्ही कधी बोललो नाही.

"अठरा."
समासात लिहितो: दक्षिण पट्टा आढळला नाही.
वेळ, तारीख. सही करायची सवय जात नाही.

गुलाब घड्याळ खिशात टाकतो,
न विचारता डोळा लावतो.
बराच वेळ गप्प. मग, "सायब, हे सरकाय लागलंय."
ते नाही रे, मी म्हणतो,
आपली गच्ची सरकतेय.