एक्क्याऐंशी – नऊ

दुपारी दोनला झेरॉक्सचं शटर अर्धं ओढलं,
पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘तासाभरात येतो.’
कितीपासून तासाभर, ते लिहिलं नाही.

या पोरी मला आधी कागदावर भेटतात.
पात्रता फॉर्म, आधार, डॉक्टरचा दाखला,
प्रत्येकी तीन प्रती.
किमया धुमाळ, रक्तगट ओ निगेटिव्ह.
अल्फिया बागवान, जन्म एकतीस डिसेंबर,
म्हणजे एका दिवसाने वर्ष वाचलं.
फोटोत सगळ्यांचे कान दिसतात, नियमच आहे तसा.
कोर्टवर नुसत्या वेण्या.

समोरच्या बारा जणी स्वतःच्या बसमधून उतरल्या,
बारा सारख्या पिशव्या.
वॉर्म-अपला चेंडू हातातून हातात असा चालला होता
जसा जुना कॅशियर नोटा मोजायचा, दुसरीकडे बघत.
आमच्या सहा.
एकीच्या पाठीवर चौदा,
त्यातला एक काळ्या चिकटपट्टीचा.

पहिल्या पाच मिनिटांत अठरा–शून्य.
फलकाशी बसलेल्या पोराचा
उजवा हात दमला, डाव्याने तो वडापाव खात होता.
प्रेक्षक आम्ही सात. त्यातला एक वॉचमन,
दोघं मोबाइलमध्ये.
मी ओरडलो, ‘डिफेन्स!’
माझाच आवाज जिमच्या भिंतीला लागून परत आला,
तोही उशिरा, आमच्या डिफेन्ससारखा.

नळस्टॉपकडून मेट्रो गेली, वरून, सरळ.
तिच्यातल्या लोकांना फलक दिसत नसणार.
त्यांना वाटलं असेल, दहा मुली उड्या मारतायत,
दहाच्या दहा सारख्याच.

पन्नास झाल्यावर त्यांच्या सरांनी
मुख्य पाच जणी बसवल्या. दया असावी.
पण बाकावरच्यांना दयेशी काय देणंघेणं?
त्यांना वर्षातून ही एवढीच मॅच मिळते.
अकरा नंबरची एक काडी अशी धावली
की जणू आम्हीच पुढे आहोत.
तिची आई (आईच असणार, पर्स पोटाशी धरून बसलेली)
पहिल्यांदा उभी राहिली.
मी कोणाकडून टाळी वाजवली ते मला कळलं नाही.

अल्फियाचा पाचवा फाऊल.
साठ गुणांनी मागे असताना पाचवा फाऊल करायला
माणूस वेगळा लागतो.
वर पंचांशी वादही घातला,
‘सर, मी हात लावलाच नाही’,
जणू तेवढ्यावरच निकाल अडला होता.

मग सहावी उठली, गुडघ्याला क्रेप बँडेज.
मिळाला चेंडू तिने होता तिथूनच फेकला.
आत गेला नाही. बाहेरही आला नाही.
रिंग आणि बोर्डाच्या मध्ये जाऊन बसला,
फणसासारखा.

शिट्टी. घड्याळ थांबलं.
पंचांनी उडी मारली, पोचले नाहीत, पोट सावरलं.
त्यांच्यातली सर्वांत उंच मुलगी पुढे आली,
दुसऱ्या चेंडूने नेम धरला, चुकला.
आमच्या किमयाने धरला, चुकला.
कोणीतरी आधी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच,
कमरेवर हात ठेवून, वर बघत,
कोण कुठल्या कॉलेजची ते जर्सीवरूनच सांगता आलं असतं.
शेवटी वॉचमनने काठी आणली.

बाण त्यांच्या बाजूला होता. चेंडू त्यांना.
एक्क्याऐंशी–नऊ.

दुसऱ्या दिवशी किमया दुकानात.
‘काका, स्कोअरशीटच्या दोन. हजेरीला लागतात.’
काचेवर पालथा घालण्याआधी मी कागद पाहिला.
दोन्ही संघांपुढे एकपासून एकशेसाठपर्यंत
आकडे आधीच छापलेले असतात.
त्यांचे एक्क्याऐंशीपर्यंत खोडत नेलेले.
आमचे नऊपर्यंत.
दहापासून पुढे सगळे जागच्या जागी.

यंत्रातला उजेड या टोकाहून त्या टोकाला गेला.
मी चार रुपये घेतले.
तिने प्रत उजेडात धरली, डोळे बारीक केले,
म्हणाली,
‘आपली बाजू जरा फिकट आलीय.
डार्क करून परत काढा ना.’