डोळे आले

आपल्यात म्हणतात, डोळे आले.
जणू इतकी वर्षं नव्हतेच,
आणि परवा पहाटेच्या गाडीनं
नाशिकरोडला उतरले, सामानासकट.

आरशात पाहिलं तर
पांढऱ्याचा फुगा झालेला,
बुबुळाच्या कडेवर ओथंबलेला,
सोललेल्या द्राक्षासारखा, हलणारा.
पापणी मिटता मिटेना.
"हात लावू नकोस," पुंडलिक दारातून ओरडला
आणि स्वतःच दोन पावलं मागं सरला.

बिटकोजवळच्या डॉक्टर कासलीवाल म्हणाल्या,
बुबुळ स्वच्छ आहे, वरचं अस्तर सुजलंय.
साथ नाही, ॲलर्जी. चोळलेत ना?
चोळले होते. रात्रभर.
वालदेवीच्या काठचं गाजरगवत उपटलेल्या हातांनी.
साथ नाही म्हटल्यावर
पुंडलिक एक पाऊल पुढं आला.

माझं काम डोळ्यांचंच.
प्रेसमध्ये सत्तावीस वर्षं कोऱ्या नोटांचे ताव उलटतेय.
शाई कुठं फुटली, रेघ कुठं तुटली,
आकडा कुठं तिरका बसला,
सापडलं की लाल खूण.
हेमलता अरिंगळे फोनवर म्हणाली,
इकडे बघू नकोस हं, फोनमधूनही येतील.
हसलो दोघी. हसताना पाणी आलं, तारेसारखं चिकट.

मग ओढलेले पडदे, काळा गॉगल,
वाटीत उकळून गार केलेलं पाणी, कापसाचे बोळे.
भाजीवाल्यानं सुटे दिले, ते बोटांनी चाचपले:
विसाची, दहाची, एक चिकटपट्टी लावलेली.
जन्मात पहिल्यांदा
नोट न बघता घेतली.

स्वयंपाकघरात डबा पडायचा.
"काही नाही, काही नाही."
एकदा सुई हरवल्याची धुसफूस झाली.
मी विचारलं नाही.

सूज एका दुपारी बसली,
ताटात राहिलेल्या पुरीसारखी,
कुणाचं लक्ष नसताना.

दहाव्या दिवशी गॉगल काढला.
समोर तो, कामावर निघालेला.
पांढरा शर्ट, वरून तिसरं बटण
काळ्या दोऱ्यानं शिवलेलं,
अर्धा इंच खाली,
त्यामुळं पोटावर कापड मुडपलेलं.

नजर तिथंच गेली. हातही
जरासा उचलला गेला, लाल पेन्सिल धरतो तसा.
"काय बघतेस?"
"दिसतंय," म्हटलं.

तो जिना उतरून गेला, तसाच,
दत्तमंदिर रोडनं, अख्ख्या गावाला बटण दाखवत.
मी थेंबांची बाटली उजेडात धरून पाहिली.
अजून तीन दिवसांचे शिल्लक होते.