दोनशे नव्वद

हिंगण्याच्या एमआयडीसीत, आमच्या प्रयोगशाळेत
गोंगाट डबीत ठेवतात.
डबी पेढ्यांची होती कधीकाळी. आत कापूस,
कापसात करंगळीएवढा डायोड,
कनेक्टरवर लाल टोपी.
निवृत्त होताना वासनिक सरांनी हातात दिला,
म्हणाले, "पाडू नको वं पोरी.
इतका खरा बडबड्या पुन्हा मिळायचा नाही."

अठ्ठावीस व्होल्ट दिले की तो बोलतो.
शब्द नाही, सूर नाही,
खालपासून वरपर्यंत एकसारखी खरखर,
पण शपथेवर सांगितल्यासारखी, मोजून.

यंत्र अर्धा तास तापू द्यायचं.
मग डायोड बंद. आकडा लिहा.
डायोड चालू. आकडा लिहा.
भागाकार केला की कळतं
यंत्र स्वतःशीच किती पुटपुटतं,
म्हणजे समोर कुणी काही बोलत नसतानाही.

सूत्रात खोली दोनशे नव्वद केल्विनची धरलेली असते.
सतरा अंश.
कुण्या गारठ्यातल्या माणसानं धरली असावी.
आमच्याकडे सतरा अंश पौषात भेटतात,
पहाटे, दुलईच्या बाहेर.
आज शेहेचाळीस आहे. एसी धापा टाकतोय,
गेटवरच्या मडावीच्या खिशात कांदा आहे,
आणि मी दुरुस्तीचा रकाना भरतेय,
दशांशाच्या दोन घरांपर्यंत.

घरी आईच्या खोलीत कूलर. लोखंडी,
बाबांनी इतवारीतून आणलेला,
सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडरही थरथरतं.
मी तिथेच झोपते, तिच्या उशाशी.
आईला आता ऐकू कमी येतं,
असं आम्ही धरलंय.
ती "काय?" म्हणते, आम्ही आवाज चढवतो,
तीही चढवते,
शेजारच्या खापर्डे वहिनींना वाटतं आमचं रोजच भांडण.

काल रात्री अडीचला लाइट गेली.
पंखा थांबला. पंपाची धार तुटली.
वाळ्याच्या ताट्यांतून थोडं ठिबकलं, मग तेही नाही.
मी जागी झाले घामानं.
अंधारातून आई, अगदी हळू, कुजबुजल्यासारखी,
"काय पुटपुटत होतीस वं झोपेत?
आकडेच आकडे."

मी पडून राहिले.
इतक्या हळू मीही तिच्याशी किती वर्षांत बोलले नव्हते.
तितक्याच हळू विचारलं,
"रोज पुटपुटते का मी?"

लाइट आली. कूलर धडधडला,
कॅलेंडर हललं.

"काय?" आई ओरडली.