एक थेंब, तोही पुसून

शिवाजीनगरला मुख्यालयात, शस्त्रागाराच्या मागच्या खोलीत
इलाही मुलाणी हवालदार तेलाच्या बाटल्यांबद्दल
भाचरांबद्दल बोलावं तसं बोलायचे.
ही पातळ, चुळबुळी, दोन दिवसांत उडून जाते.
ही शिलाई मशीनची, गरीब आहे,
पण बाराची आच लागली की टिकत नाही.
ही जाड. पावसाळाभर कपाटात निजणाऱ्या रायफलींची गोधडी.
गोधडी पांघरून कुणी कवायतीला जातं का?

"बोटाला लाव," म्हणायचे. "चोळ. काय म्हणतंय?"
मी म्हणायचे, चिकट आहे.
"चिकट तर गूळपण असतो."

मी नवी होते. इंदापूरहून आलेली,
आईनं दिलेली खोबरेलाची बाटली ट्रंकेत.
आमच्याकडे तेल म्हणजे माया,
जिरेल तितकं, आणि वर आणखी एक हात.

डिसेंबरात मुलाणी रजेवर गेले, मोतीबिंदूसाठी.
मी नाना पेठेतून ग्रीसचा डबा आणला,
ट्रकच्या चाकांत भरतात तो. पिवळा, दाट, स्वस्त.
अकरा रायफली, एक संध्याकाळ.
बोल्टच्या पोटात, पिनेभोवती, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत
बोटानं दाबून दाबून भरलं, पुरण भरावं तसं.
दिव्याखाली काय झळकत होत्या!
त्या रात्री मेसमध्ये मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आठवड्यानं सहायक फौजदार फडतरे गेले.
नाकाबंदीवर होते.

वैकुंठात सकाळी सात. तोंडातून वाफा.
हुकूम सुटला. कोरी काडतुसं, आभाळाकडे नळ्या,
आणि बार.
दहाच. अकराव्या जागी
ओल्या पेटीवर काडी ओढावी तसं
टिक्.
दुसऱ्या फैरीला टिक्. तिसऱ्या फैरीला.
रांगेत शेवटून दुसरा, मान ताठ, नजर समोर,
बोल्ट ओढत होता बिचारा, ओढतच होता.
झाडावरचे कावळेसुद्धा पहिल्या बारालाच उडून गेले होते,
त्यामुळे फार शांत होतं.

फडतऱ्यांचा धाकटा, असेल सहावीत, बोटांवर मोजत होता.
त्यानं आईचा पदर ओढला.
"आई, एका काकांची वाजलीच नाही."

मुलाणी परतले हिरवी पट्टी बांधून.
त्यांना कुणी काही सांगितलं होतं का, माहीत नाही.
बोल्ट उघडला, नाकाशी नेला.
"ट्रक," म्हणाले. तेवढंच.

मग रॉकेलची परात मांडली. चिंध्या फाडल्या.
रात्री दोनपर्यंत आम्ही पिवळं पाणी काढत होतो.
"थंडीत हे थिजतं," ते परातीला सांगावं तसं बोलले,
"पिन सुटते, पण पोचेपर्यंत दमते.
इथं एक थेंब. मग तोही पुसून घे.
पुसूनही जे राहतं ना, तेवढंच तिला लागतं."

मी विचारलं, त्या पोराला काय सांगायचं?
बराच वेळ ते एकाच स्प्रिंगेवर अडले.
"एकतीस वर्षं झाली मला इथं.
ह्या अकराजणी माझ्या देखत कुणावर रोखल्या नाहीत कधी.
मेलेल्यांना हाक मारतात, बस.
तेवढंच काम. आणि तेही..."
चिंधी संपली होती. मी दुसरी फाडून दिली.

आता चावी माझ्याकडे असते.
नवी पोरं येतात, विचारतात, मॅडम, सगळ्यात भारी तेल कुठलं?
मी महिना विचारते.
नोव्हेंबर सरला की रात्री सगळ्या बाटल्या कठड्यावर मांडते
आणि पहाटे एकेक कलती करून बघते,
कोण वाहतंय, कोण अंग चोरतंय.
त्या ओळीत आईची बाटलीही असते, उगाच.
ती तर संध्याकाळीच गोठलेली असते.
पांढरी, गच्च.
उलटी धरली तरी एक थेंब देत नाही.