चौथ्या सत्राची टिपणं

सोरोका. शाळा क्रमांक दोन. जानेवारी.
सातवीची अठरा मुलं, अकरा संगणक,
त्यातले दोन हट्टी.
नदीपलीकडे युद्ध चालू आहे.
हे मी नोंदवत नाही,
त्याला रकाना नाही.

खेळ साधा आहे : पाच देश, एक गॅसवाहिनी,
आणि हिवाळा, जो कुणाच्याच बाजूने खेळत नाही.
बोलणी करायची, नाही जमली तर झडप फिरवायची.
बोट दाबलं की लांबच्या एका शहराचा पिवळा ठिपका
राखाडी होतो,
बारीकसं टिंग वाजतं.
शहरांची नावं खोटी आहेत.
कुणाचं मन दुखू नये म्हणून
नीतिसमितीने तशी अट घातली होती.

मला एवढंच शोधायचंय :
खेळून परावलंबन कळतं का,
आणि कळलं तर पाचपैकी किती.

भिंतीपलीकडे नियंत्रण गट.
त्यांच्या हातात कसलंच नियंत्रण नाही,
फक्त धडा सहावा, पान एक्केचाळीसपासून,
आणि आमचा गोंगाट.

इलिंकाने तिसऱ्या फेरीत भाव दुप्पट केला,
चेहऱ्यावर मात्र एकही भाव नाही.
अर्कादिए आधी धमकावतो, मग विनवतो,
मग तिच्या बाकावर अर्धं सफरचंद ठेवतो.
(लाच? सदिच्छा? संकेतांक सात की नऊ?)
निकिफोर झडप बंदच करत नाही.
प्रत्येक फेरी हरतो.
मी लिहिते : धोरण नाही.
विचारल्यावर म्हणतो,
‘दोमना आउरिका, ते गाव खरं नाही ना,
मग तिथून तक्रारीचं पत्र कसं येणार?
कुणी गारठलं तर आपल्याला कळणार कसं?’
मी आधीची नोंद खोडते.
तिच्या जागी काय लिहायचं ते सुचत नाही.

अकरा वाजून वीस मिनिटं.
अकराच्या अकरा पडदे काळे.
या वेळी टिंग वाजलं नाही.

भिंतीपलीकडून टाळ्या.
मग दार ढकलून नियंत्रण गट आत,
कोट, टोप्या, खिसाभर अक्रोड.
शास्त्रात याला दूषित नमुना म्हणतात.
मी थांबवायला उठले, आणि उठलेलीच राहिले,
कारण तोवर अक्रोडांचा गॅस झाला होता,
फळ्याखालची कड म्हणजे सीमा,
आणि धडाच वाचलेला, खेळ न पाहिलेला सेराफिम
दारात पाय फाकवून उभा :
‘माझ्या देशातून जायचं तर
दर खेपेला एक अक्रोड.’
पान त्रेचाळीस. पोराने नीट वाचलं होतं.

तुदोसे आला, बॉयलर सांभाळणारा,
हातमोज्यांना काजळी.
‘कोट काढू नका,’ एवढंच सांगायला.
मुलांनी त्याला घेरलं : दाब किती आहे, काका?
‘येतो तेवढा.’
कोण ठरवतं?
त्याने आधी माझ्याकडे पाहिलं,
मग खिडकीकडे,
मग खाली पडलेला एक अक्रोड उचलून
टाचेखाली फोडला नि अर्धा
इलिंकाला दिला.
तिने भाव विचारला नाही.

मला संस्थेला फोन करायचा होता.
फोनला रेंज फक्त अंगणात.
सेराफिम दारातून हलेना.
माझ्याकडे पेन, अठरा प्रश्नावल्या, एक ओळखपत्र.
अक्रोड नाही.
निकिफोरने स्वतःजवळचा शेवटचा काढून त्याला दिला
आणि माझ्याच कागदाच्या मागे लिहून घेतलं :
उधार. बर्फ वितळेपर्यंत.

अहवालात त्या पाऊण तासापुढे
‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापलंय.
हितसंबंधांच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं
की संशोधिका एका अक्रोडाची देणेकरी आहे.
संपादकांनी ती ओळ गाळली.
बर्फ वितळून गेला.
मी अजून सोरोकाला गेलेले नाही.