कड

ती काही फार हुशार वस्तू नाही.
आलेर्सेच्या दोन फळ्या, फुलीसारख्या ठोकलेल्या,
टोकांवरून तांब्याच्या तारेचे अकरा फेरे,
मेलेल्या रेडिओतून काढलेला एक कंडेन्सर.
बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस मी,
उरलेल्या तारेचं करणार तरी काय?

एर्मिंदा नाउएल्किनला ती हवी होती,
कारण रात्री तिच्या रेडिओत कास्त्रो शिरायचं.
पश्चिमेला, पाण्यापलीकडे, अगदी उशाशी;
तिथलं स्टेशन पहाटेपर्यंत अकॉर्डियन वाजवत बसे
आणि नेमक्या त्याच आकड्यावर, फार खाली दक्षिणेला,
अर्जेंटिनातल्या मेंढवाड्यांवरून
घरी धाडलेले निरोप वाचले जात.
तिचा ओनोफ्रे तिकडे लोकर कातरायला गेलेला.

मी म्हटलं, ज्याला गप्प करायचं
त्याच्याकडे चौकटीचं तोंड फिरव.
ती हसली. "नवऱ्यावर नाही चाललं हे कधी."
पण कास्त्रोकडे तोंड होताच
अकॉर्डियन विहिरीत पडल्यासारखं बुडालं.

आवाज सर्वांत मोठा कुठे, ते नीट कळत नाही,
थोडं इकडे, थोडं तिकडे, सारखाच.
शांतता मात्र सुईच्या टोकाएवढी.
दिशा धरायची ती तिच्यावरून.
आणि ज्याला आपण नुसती कड दाखवली
तो हजार किलोमीटरवरून बोलू लागला:
"अपियाओ बेटावरच्या एर्मिंदासाठी.
कातरणी संपली. दाढ काढली. मार्चमध्ये येतो."

कोणत्या मार्चमध्ये, ते खरखरीत गेलं,
किंवा त्यानं सांगितलंच नाही.

चौकटीच्या पायाशी, टेबलावर
तिनं खडूनं रेघ मारली. कुणाला पुसू देत नसे.
दक्षिणेच्या खिडकीत विणकाम घेऊन बसे.

मी सांगायला हवं होतं, राहून गेलं:
या चौकटीला पाठ-पोट नसतं.
पुढून आलेलं, मागून आलेलं, तिला एकच.
ती रेघ सांगते,
रेघेचं कोणतं टोक, ते नाही सांगत.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चात ओनोफ्रे आला
उत्तरेकडून, पुएर्तो मोंतच्या लाँचनं,
बसनं अर्धा अर्जेंटिना चढून, मग डोंगर ओलांडून.
मी धक्क्यावर होतो, कोपरापर्यंत इंजिनात.
विचारलं त्यानं, आई आहे का घरी?

आहे, म्हटलं. खिडकीत. तुझ्याकडे पाठ करून.
जा, हाक मार.
रेघेवरच आहेस.